मतं कुणाला जास्त, डेलिगेट कुणाला जास्त: अमेरिकन प्रायमरीचा हिशेब पहिल्यापासून

५ फेब्रुवारी २००८ च्या रात्री हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकलं. एडिसन-इझलिनकडच्या आपल्या मंडळींचं राज्य. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत तिथे ११ लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं होतं आणि क्लिंटन बराक ओबामांच्या सुमारे १ लाख १२ हजार मतांनी पुढे होत्या. त्याच रात्री पश्चिमेकडच्या आयडाहोत कॉकस, म्हणजे पक्षाची मतदानसभा, झाला. तिथे जेमतेम २१ हजार लोक आले होते आणि ओबामा साधारण १३ हजार मतांनी पुढे होते.

आता डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे सदस्य, मोजू. न्यू जर्सीत क्लिंटन ५९, ओबामा ४८. क्लिंटनना ११ ची आघाडी. आयडाहोत ओबामा १५, क्लिंटन ३. ओबामांना १२ ची आघाडी. लाखभर मतांच्या आघाडीपेक्षा तेरा हजारांची आघाडी भारी पडली आणि यात गैरप्रकार कुठेच नव्हता. नियमच तसे होते, आणि डेमोक्रॅटिक पक्षात मुळातले नियम आजही तेच आहेत.

टीव्हीवर टक्केवारी दाखवतात, राज्य एका रंगात रंगवतात आणि आपण 'अमुक जिंकला' म्हणून झोपायला जातो. उमेदवारी ठरते ती डेलिगेटच्या संख्येवर. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करून बघितला की प्रायमरीचा सगळा मोसम वेगळाच दिसू लागतो. वही, पेन आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. गणित शाळेतल्या टक्केवारीपलीकडचं नाही.

पायरी १: कशाची निवडणूक चालू आहे ते आधी ओळखा

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याची निवडणूक. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात आणि शेवटच्या क्षणापर्यंत एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो याची धाकधूक असते. अमेरिकेत तो एबी फॉर्म देण्याचा अधिकार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला आहे. अधिवेशनात मत देणारा सदस्य म्हणजे डेलिगेट. आपण प्रायमरीत मत देतो तेव्हा आपल्या राज्यातून कुठल्या उमेदवाराचे किती डेलिगेट अधिवेशनाला जाणार, ते ठरतं.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि शिकागोच्या अधिवेशनात आत-बाहेर रणकंदन माजलं. त्यानंतर पक्षाने नियम बदलायला घेतले आणि मतदाराच्या हातात खरी सत्ता आली. आजचे बरेचसे किचकट नियम त्या धक्क्यातून आलेले आहेत, हे लक्षात ठेवलं की ते जरा सुसह्य वाटतात.

नव्या माणसाचा हमखास होणारा गोंधळ इथेच मिटवून टाकू. २७० चा आकडा, ५३८ इलेक्टर (राज्यांच्या वतीने राष्ट्राध्यक्षाला मत देणारे), इलेक्टोरल कॉलेज हे सगळं नोव्हेंबरच्या निवडणुकीचं. ते आणि डेलिगेट वेगळे. डेलिगेट पक्षाचे, इलेक्टर राज्यांचे. प्वेर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ या प्रदेशांना नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही, पण प्रायमरीत मात्र त्यांनाही डेलिगेट आहेत.

प्रायमरी आणि कॉकस यातला फरक थोडक्यात: प्रायमरीत मतपत्रिका, मतदान केंद्र, टपाली मत असं नेहमीचं मतदान असतं. कॉकस म्हणजे पक्षाने बोलावलेली सभा. ठरलेल्या वेळी जायचं, बसायचं, चर्चा ऐकायची आणि मत द्यायचं. वेळ मोडतो म्हणून कॉकसला लोक कमी येतात. आयडाहोचा २१ हजारांचा आकडा त्यामुळेच इतका छोटा होता.

पायरी २: आपण कुठे उभे आहोत ते तपासा

मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवर असाल तर नाही, एच-१बी वर असाल तर नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण ड्रायव्हिंग लायसन्स काढताना त्याच अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि घाईत चुकीच्या चौकटीवर खूण होऊ शकते. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ही चूक फार महागात पडते. अर्ज सावकाश वाचा. देणगीचंही तसंच: ग्रीन कार्डवाल्याला उमेदवाराला देणगी देता येते, एच-१बी वर असलेल्याला नाही.

नागरिक असाल तर दुसरा प्रश्न: तुमच्या राज्यात प्रायमरी बंद आहे की खुली? न्यूयॉर्कसारख्या राज्यात पक्षाचा सदस्य म्हणून नोंद असलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. टेक्साससारख्या राज्यात पक्षनोंदणीच नसते, त्या दिवशी कुठल्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची ते तुम्ही ठरवता. न्यू जर्सी मधल्या वाटेवर आहे. तुमची कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर मतदान केंद्रावर पक्ष निवडता येतो, पण तुम्ही आधीच दुसऱ्या पक्षात नोंदलेले असाल तर बदल प्रायमरीच्या ५५ दिवस आधी करावा लागतो. मतदानाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो तशी ही ५५ दिवसांची तारीखही लिहून ठेवा.

आणि अमेरिकन नागरिकत्व घेऊन पुण्या-ठाण्यात परत येऊन राहिलेल्यांसाठी: डेमोक्रॅटिक पक्षाने परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना जवळजवळ एका राज्यासारखं स्थान दिलं आहे. त्यांची वेगळी जागतिक प्रायमरी होते. २०२० मध्ये तिच्या वाट्याला १३ डेलिगेट होते. बर्नी सँडर्सना ९ आणि जो बायडन यांना ४ मिळाले. मात्र या प्रायमरीत मत दिलं तर आपल्या जुन्या राज्याच्या प्रायमरीत पुन्हा देता येत नाही.

पायरी ३: राज्याच्या वाट्याला किती डेलिगेट, ते बघा

दोन्ही पक्षांची रीत वेगळी आहे.

डेमोक्रॅटिक पक्ष राज्याला डेलिगेट देताना दोन गोष्टी बघतो: गेल्या तीन राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत त्या राज्याने पक्षाला किती मतं दिली आणि राज्याचे इलेक्टर किती. यातून मूळ संख्या निघते. उशिरा मतदान ठेवणाऱ्या राज्यांना वर बक्षीसही मिळतं: एप्रिलमध्ये १० टक्के, मे-जूनमध्ये २० टक्के जास्त. शेजारच्या राज्यांनी मिळून एकाच दिवशी उशिराची तारीख ठेवली तर त्याचे आणखी १५ टक्के. सगळ्यांनीच पुढच्या तारखा पकडायला धावू नये म्हणून हा उपाय.

मूळ संख्या मिळाली की तिचे भाग पडतात. समजा एखाद्या राज्याची मूळ संख्या १०० आहे. त्यातले ७५ डेलिगेट मतदारसंघांत वाटले जातात, २५ राज्यभराच्या मतांवर. याशिवाय मूळ संख्येच्या १५ टक्के, म्हणजे आणखी १५, पक्षाचे स्थानिक नेते आणि लोकप्रतिनिधी यांच्यासाठी. पण तेही राज्यभराच्या मतांच्या प्रमाणातच उमेदवारांना मिळतात. एकूण ११५. म्हणजे एका राज्यात एक हिशेब नसतो. प्रत्येक मतदारसंघाचा एक, २५ चा एक आणि १५ चा एक, असे सगळे वेगवेगळे मांडायचे आणि शेवटी बेरीज करायची.

मतदारसंघ म्हणजे बहुतेक ठिकाणी काँग्रेसचे मतदारसंघ. टेक्साससारखा अपवाद आहे. तिथे राज्याच्या सिनेटचे ३१ मतदारसंघ धरतात. कुठल्या मतदारसंघाला किती डेलिगेट, हे पक्षाची तिथली ताकद बघून ठरतं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन मतदारसंघांत एकाला चार आणि दुसऱ्याला सात असं होऊ शकतं.

रिपब्लिकन पक्षाचं सोपं आहे. प्रत्येक राज्याला सरसकट १०. काँग्रेसच्या प्रत्येक मतदारसंघामागे ३, मग तो मतदारसंघ रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असो की तिथे पक्षाला कुणी विचारत नसो. पक्षाच्या राज्यातल्या तीन पदाधिकाऱ्यांचे ३. आणि राज्याने रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर वगैरे निवडून दिले असतील तर बोनस. साउथ कॅरोलिनाचे २०१६ चे ५० डेलिगेट घ्या: १० सरसकट, ७ मतदारसंघांचे २१, पदाधिकाऱ्यांचे ३ आणि उरलेले १६ बोनसचे.

२०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण डेलिगेट २,४२९ होते. निम्म्याहून एक जास्त, म्हणजे १,२१५ मिळाले की उमेदवारी पक्की.

पायरी ४: डेमोक्रॅटिक वाटप, वहीवर

इथे जरा थांबून, पेन हातात घेऊनच वाचा. सगळा रस इथेच आहे.

नियम तीन. पहिला: १५ टक्क्यांच्या खाली असलेल्या उमेदवाराला शून्य. दुसरा: उरलेल्यांच्या मतांची नवी बेरीज करून त्या प्रमाणात डेलिगेट वाटायचे. तिसरा: अपूर्णांक आले की आधी सगळ्यांचे पूर्णांक देऊन टाकायचे आणि उरलेली जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला द्यायची. हा पक्षाचा नियम सगळ्या राज्यांना सारखाच लागू आहे. विजेत्याला सगळे डेलिगेट देऊन टाकण्याची मुभा डेमोक्रॅटिक पक्षात कुणालाच नाही.

पहिलं उदाहरण अगदी लहान आणि खरं घेऊ. ५ मार्च २०२४, अमेरिकन सामोआ. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर डेमोक्रॅटिक कॉकसला एकूण ९१ मतं पडली. जेसन पामर नावाच्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या उद्योजकाला ५१. विद्यमान राष्ट्राध्यक्ष बायडन यांना ४०. पामर जिंकले आणि जगभर बातमी झाली. वाटायचे डेलिगेट होते ६.

पामर: ५१ भागिले ९१, गुणिले ६. उत्तर ३.३६.
बायडन: ४० भागिले ९१, गुणिले ६. उत्तर २.६४.

पूर्णांक आधी द्या: पामरना ३, बायडनना २. झाले पाच. सहावा कुणाला? ०.३६ पेक्षा ०.६४ मोठा. सहावा बायडनना. निकाल ३-३. पामर ५६ टक्के मतांनी जिंकूनही एकाही डेलिगेटने पुढे गेले नाहीत.

का? सहाच्या जागेत ४-२ मिळवायला दुरंगी लढतीत ५८.३३ टक्क्यांच्या वर जावं लागतं. हीच ती सम-विषमची गंमत. चार डेलिगेटच्या मतदारसंघात ५१ टक्के मिळाले तरी २-२ आणि ६० टक्के मिळाले तरी २-२. ३-१ हवे असतील तर ६२.५ टक्क्यांची पायरी ओलांडायला हवी. याउलट तीन किंवा पाच डेलिगेटच्या मतदारसंघात ५० टक्क्यांवर एक मत जास्त पडलं की २-१ किंवा ३-२. पाचात ४-१ करायला मात्र ७० टक्क्यांच्या वर जावं लागतं.

आता उमेदवारांच्या मोहिमा पैसा आणि वेळ कुठे घालवतात याचा उलगडा होईल. हुशार मोहीम विषम संख्येच्या अटीतटीच्या मतदारसंघात ठिय्या देते आणि चार डेलिगेटच्या मतदारसंघात आपण ४० टक्क्यांच्या खाली जाणार नाही एवढीच काळजी घेते. २००८ मध्ये डेव्हिड प्लफ यांच्या हाताखाली ओबामांच्या मोहिमेने हे पक्कं ओळखलं होतं. त्या वर्षी नेवाडाच्या कॉकसमध्ये मतांत क्लिंटन पुढे होत्या, पण त्या दिवशीच्या हिशेबाने ओबामांना १३ आणि क्लिंटनना १२ डेलिगेट मिळत होते. लास व्हेगसच्या मोठ्या वस्तीत क्लिंटन पुढे, तर राज्याच्या ग्रामीण, विरळ वस्तीच्या भागात ओबामा पुढे. आणि तिथे एका डेलिगेटचा फरक पडला.

दुसरं उदाहरण चौरंगी लढतीचं. हे मी रचलेलं आहे, सराव म्हणून. मतदारसंघाचे डेलिगेट ७. मतं अशी: अ ला ४२ टक्के, ब ला २८, क ला १८, ड ला १२.

ड पंधराच्या खाली, बाद. उरले ८८. आता भागायचं १०० ने नाही, ८८ ने. नवे लोक हमखास चुकतात ते इथे.

अ: ४२ भागिले ८८, गुणिले ७. उत्तर ३.३४.
ब: २८ भागिले ८८, गुणिले ७. उत्तर २.२३.
क: १८ भागिले ८८, गुणिले ७. उत्तर १.४३.

पूर्णांक ३, २, १. बेरीज सहा. सातवा डेलिगेट सर्वात मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे क ला. शेवटचा हिशेब ३, २, २. ब ला २८ टक्के आणि क ला १८ टक्के, आणि दोघांच्या हातात डेलिगेट सारखेच. आता हेच गणित ड ला १५ टक्के आणि अ ला ३९ टक्के देऊन पुन्हा करून बघा. अ ला तीन, ब ला दोन आणि क व ड ला एकेक, अशी वाटणी येईल. तीन टक्के इकडचे तिकडे झाले, क चं एक मतही हललं नाही आणि तरी क चा एक डेलिगेट गेला.

पंधराचा उंबरठा प्रत्येक पातळीवर वेगळा तपासला जातो, हेही विसरू नका. २०२० च्या कॅलिफोर्नियाचं उदाहरण लख्ख आहे. वाटायचे डेलिगेट ४१५. राज्यभरात सँडर्सना सुमारे ३६ टक्के, बायडनना २८, एलिझाबेथ वॉरन यांना १३, मायकल ब्लूमबर्ग यांना १२. राज्यभराच्या खात्यातून वॉरन आणि ब्लूमबर्ग दोघेही बाद. पण काही मतदारसंघांत ते पंधराच्या वर होते, म्हणून तिथून वॉरनना ११ आणि ब्लूमबर्गना ७ मिळाले. सँडर्स २२५, बायडन १७२.

कुणालाच मत द्यायचं नसेल आणि ते नोंदवायचंही असेल, तर काही राज्यांत मतपत्रिकेवर 'अनकमिटेड' असा पर्याय असतो. तोसुद्धा उमेदवारासारखाच मोजला जातो. २०२४ मध्ये गाझातल्या युद्धावरून नाराज मतदारांनी तो वापरला. मिशिगनमध्ये राज्यभरात १३ टक्के मिळाले, उंबरठा हुकला. पण मतदारसंघांतून २ डेलिगेट मिळाले. मिनेसोटात १९ टक्के मिळाले आणि ११ डेलिगेट.

पायरी ५: रिपब्लिकन वाटप, राज्यागणिक वेगळं

इथे एक सूत्र पाठ करून भागत नाही. राष्ट्रीय पक्ष चौकट देतो आणि आतली मांडणी राज्यातला पक्ष करतो. चौकटीतली मुख्य तारीख १५ मार्च. त्याआधी मतदान करणाऱ्या राज्याने डेलिगेट कुठल्या तरी प्रमाणात वाटायचे. त्यात उंबरठा ठेवता येतो, पण २० टक्क्यांपर्यंतच. १५ मार्चपासून पुढे 'जो जिंकला त्याला सगळे' असं ठेवायला मोकळीक. साउथ कॅरोलिनासारख्या अगदी सुरुवातीच्या राज्यांना या बंधनातून सूट आहे.

सगळ्यात सरळ वाटप आयोवाचं. १५ जानेवारी २०२४ च्या कॉकसमध्ये ४० डेलिगेट होते आणि उंबरठा नव्हता. डॉनल्ड ट्रम्प यांना ५१ टक्के, रॉन डीसँटिस २१.२, निकी हेली १९.१, विवेक रामस्वामी ७.७. प्रत्येकाच्या टक्क्यांना ४० ने गुणा: २०, ९, ८, ३. रामस्वामींनी त्याच रात्री माघार घेतली, पण तीन डेलिगेट त्यांच्या नावावर लागले. डेमोक्रॅटिक नियमांत एकही लागला नसता.

दुसरं टोक फ्लोरिडा. १५ मार्च २०१६ ला ट्रम्पना सुमारे ४६ टक्के मतं मिळाली आणि ९९ पैकी ९९ डेलिगेट. मार्को रुबिओ यांना स्वतःच्या राज्यात २७ टक्के आणि हातात काहीच नाही. त्याच रात्री त्यांनी मोहीम थांबवली.

मधला प्रकार जरा फसवा आहे. साउथ कॅरोलिनात राज्यभरात जो पहिला त्याला राज्याचे २९, आणि प्रत्येक मतदारसंघात जो पहिला त्याला तिथले ३. २०१६ मध्ये ट्रम्पना राज्यभरात ३२.५ टक्के मतं होती. दर तीन मतदारांतल्या दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. पण ते सातही मतदारसंघांत पहिले आले आणि पन्नासच्या पन्नास घेऊन गेले. २०२४ मध्ये त्याच राज्यात निकी हेलींना, तिथल्याच माजी गव्हर्नर, जवळजवळ ४० टक्के मतं पडली. एकच मतदारसंघ जिंकला. डेलिगेट ३. म्हणजे २०१६ चा ३२ टक्केवाला ५० घेऊन जातो आणि २०२४ ची ४० टक्केवाली ३. माझ्या मते मतदाराच्या दृष्टीने ही रीत न्याय्य नाही. पक्षाची बाजू अशी की यामुळे निकाल लवकर लागतो आणि पक्ष नोव्हेंबरच्या तयारीला लागतो, आणि ती बाजूही खोटी नाही.

चौथा प्रकार म्हणजे अटीचा. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये नियम होता: कुणाला राज्यभरात ५० टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तर सगळे १६९ त्याला, नाहीतर प्रमाणात. ट्रम्पनी ५० चा टप्पा सहज ओलांडला आणि सगळे घेतले. अशा राज्यात ४९ आणि ५१ यातला फरक दोन टक्क्यांचा राहत नाही.

म्हणून रिपब्लिकन मतदाराने आपल्या राज्याच्या पक्षाचे नियम शोधून चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: वाटप प्रमाणात की विजेत्याला सगळे, उंबरठा किती, ५० टक्क्यांची अट आहे का, आणि मतदारसंघाचे तीन डेलिगेट वेगळे मोजतात का. चार वर्षांपूर्वीचा कागद चालणार नाही. राज्यं दर वेळी नियम बदलतात.

पायरी ६: तारखा आणि माघार

ठरवून दिलेल्या तारखेच्या आधी मतदान ठेवलं तर पक्ष राज्याचे डेलिगेट कापतो. २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी जानेवारीतच मतदान उरकलं, आणि डेमोक्रॅटिक पक्षाने सुरुवातीला त्यांचे सगळेच डेलिगेट रद्द केले. ३१ मेला तडजोड झाली तीही प्रत्येकाला अर्धं मत अशी. लाखो लोकांनी रांगेत उभं राहून दिलेल्या मताचं काय होणार, हे चार महिने कुणालाच सांगता येत नव्हतं.

टपाली किंवा आगाऊ मतदानाची सोय असेल तर एक काळजी घ्या. २०२० मध्ये पीट बुटिजेज यांनी १ मार्चला आणि एमी क्लोबुशार यांनी २ मार्चला माघार घेतली. सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं तो मंगळवार, होता ३ मार्चला. कॅलिफोर्नियात कित्येकांनी त्यांच्या नावावर खूण करून पाकिटं आधीच पाठवून दिली होती. ती मतं बदलता आली नाहीत. लढत दुरंगी असेल तर खुशाल आधी मत द्या. पण उमेदवार पाच-सहा असतील आणि आदल्या आठवड्यात दुसऱ्या राज्यात मतदान असेल, तर पाकीट दोन दिवस टेबलावर राहू द्या. पोचण्याची मुदत मात्र चुकवू नका.

माघार घेतलेल्याच्या डेलिगेटचं काय? डेमोक्रॅटिक पक्षात मतदारसंघातून मिळालेले डेलिगेट त्याचे राहतात, पण राज्यभराच्या खात्यातले, त्यांची निवड व्हायच्या आत तो बाहेर पडला असेल तर, मैदानात उरलेल्यांकडे जातात. २०२० मध्ये सँडर्स हटले तेव्हा बायडन यांच्या मोहिमेने समजुतीने त्यांना बरेचसे ठेवू दिले. रिपब्लिकन पक्षात हे राज्याच्या नियमावर असतं. हेलींनी जुलै २०२४ मध्ये आपले ९७ डेलिगेट मोकळे केले आणि ट्रम्पना मत देण्याचं आवाहन केलं.

पायरी ७: निकालाच्या रात्री काय बघायचं

राज्य कुठल्या रंगात रंगलं ते बघू नका. डेमोक्रॅटिक प्रायमरी असेल तर आधी तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराचा आकडा बघा: तो पंधराच्या आत की बाहेर? त्यावर पहिल्या दोघांच्या वाट्याला किती येणार ते ठरतं. मग मतदारसंघवार आकडे. मतदारसंघाचे डेलिगेट किती, सम की विषम, एवढं माहीत असलं की बातमीवाल्यांच्या आधी तुम्हाला वाटणी कळते. रिपब्लिकन असेल तर वर लिहून ठेवलेल्या चार गोष्टींचा कागद समोर ठेवा.

आणि शेवटी आघाडीच्या संख्येकडे बघा, जिंकलेल्या राज्यांच्या संख्येकडे नाही. प्रमाणशीर वाटपात मागे पडलेल्याला भरून काढणं फार कठीण जातं. शंभर डेलिगेटची पिछाडी असेल तर पुढची दहा राज्यं ५२-४८ ने जिंकून काही होत नाही. ६०-६५ टक्क्यांनी जिंकावं लागतं.

पायरी ८: हा डेलिगेट म्हणजे कोण?

आतापर्यंत आपण त्याला आकड्यासारखं वागवलं. पण तो माणूस असतो: शाळेत शिकवणारी बाई, युनियनचा कार्यकर्ता, निवृत्त इंजिनिअर. स्वतःच्या खर्चाने विमानाचं तिकीट काढून, महागडं हॉटेल घेऊन अधिवेशनाला जाणारा. प्रायमरीत कुणाला किती डेलिगेट हे ठरतं. त्या जागांवर कोण बसणार हे बहुतेक राज्यांत नंतर, पक्षाच्या मतदारसंघ आणि राज्य पातळीवरच्या सभांत ठरतं.

काही ठिकाणी डेलिगेटची नावंच मतपत्रिकेवर असतात. २०१६ मध्ये इलिनॉयच्या रिपब्लिकन मतपत्रिकेवर प्रत्येक डेलिगेटच्या नावापुढे त्याचा उमेदवार छापलेला होता. एका मतदारसंघात ट्रम्प यांच्याच डेलिगेटांपैकी ज्यांची नावं परदेशी वाटत होती त्यांना सोबत्यांपेक्षा कमी मतं पडली. उमेदवार तोच, मतपत्रिका तीच. आपल्यासारखी नावं असलेल्यांनी हे माहीत असू द्यावं आणि तरी नाव द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मतपत्रिकेवर अशी नावं वारंवार दिसली तरच ती परकी वाटेनाशी होतील.

डेलिगेट बांधील किती? रिपब्लिकन पक्षात बहुतेक डेलिगेट पहिल्या फेरीपुरते प्रायमरीच्या निकालाला बांधलेले असतात. निकाल लागला नाही तर पुढच्या फेऱ्यांत टप्प्याटप्प्याने सुटतात. डेमोक्रॅटिक नियमात शब्द मऊ आहेत: ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावनेचं प्रतिबिंब डेलिगेटने सद्सद्विवेकाला स्मरून दाखवावं. कित्येक वर्षं हे वाक्य कागदावरच होतं. मग २१ जुलै २०२४ ला बायडन यांनी माघार घेतली. जवळजवळ सगळे डेलिगेट त्यांच्या नावावर होते आणि एका दुपारीत ते मोकळे झाले. पुढच्या काही दिवसांत ते कमला हॅरिस यांच्याकडे वळले, ऑनलाइन मतदान ५ ऑगस्टला संपलं आणि एकही प्रायमरी पुन्हा न होता उमेदवारी ठरली.

याखेरीज डेमोक्रॅटिक पक्षात सुपरडेलिगेट असतात: पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य, माजी राष्ट्राध्यक्ष. पदामुळे आपोआप डेलिगेट, कुठल्याही उमेदवाराला बांधलेले नाहीत. बेळगावात वाढलेले मराठी श्री ठाणेदार २०२३ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये गेले आणि त्या पदाबरोबर २०२४ च्या अधिवेशनाची जागाही त्यांच्याकडे आली. २०१६ मध्ये या मंडळींवरून बराच संताप झाला, आणि २०१८ मध्ये पक्षाने नियम केला: निकाल आधीच पक्का नसेल तर पहिल्या फेरीत त्यांनी मत द्यायचं नाही. दुसरी फेरी झाली तर मात्र त्यांचा शब्द चालेल. तशी वेळ फार वर्षांत आलेली नाही. एकापेक्षा जास्त फेऱ्या लागलेलं शेवटचं अधिवेशन १९५२ चं, ॲडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत निवडून आले तेव्हाचं.

तुम्हाला स्वतःला डेलिगेट व्हायचं असेल तर वाट अवघड नाही, फक्त तारखा लवकरच्या असतात. राज्याचा पक्ष प्रायमरीच्या आदल्या वर्षी निवडीची योजना जाहीर करतो. डेमोक्रॅटिक पक्षात त्यातला अर्ज भरायचा, कुठल्या उमेदवाराच्या बाजूने हे लिहून द्यायचं. उमेदवाराची मोहीम ती यादी तपासते आणि नको असलेली नावं वगळते. मग मतदारसंघाची सभा. तिथे दीड-दोन मिनिटं बोलायला मिळाली तर मिळतात, आणि मत देणारे किती असतील हे बऱ्याचदा तुम्ही किती माणसं घेऊन आलात यावर असतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आरतीपासून पंगतीपर्यंत सगळं सांभाळणाऱ्याकडे दोनशे माणसांचे फोन नंबर तयारच असतात. एवढी माणसं त्या सभेला आली तर मतदारसंघातली एक जागा नक्कीच आवाक्यात येते. फक्त ती माणसं त्या पक्षात नोंदलेली हवीत, आणि पत्ता त्याच मतदारसंघातला हवा.